सी-फेसिंग घर

मंडळी, आज ऑफिसात जेवताना मी फार वाईट बोलून गेले.

माझ्या शेजारी बसणारा टॉम इंग्लंडमधल्या नॉरफोकचा. त्याने आईच्या घराचा फोटो दाखवला. छोटंसं अंगण आणि पलीकडे थेट समुद्र. मी पडले मुंबईची! तोंडातून निघालंच, "सी-फेसिंग? नशीब काढलंत की!"

तो शांतपणे म्हणाला, "आई लग्न होऊन आली तेव्हा मध्ये दोन शेतं आणि एक रस्ता होता."

तिथला मातीचा कडा दरवर्षी ढासळतो. पुढच्या आठवड्यात घर पाडणार आहेत. हेरिंगची मासेमारी कधीच संपली, उरलेत उन्हाळ्यातले पर्यटक. तेवढ्यासाठी समुद्राला भिंत घालणं सरकारला परवडत नाही म्हणे.

"आई काय करतेय?"

"खिडक्या पुसतेय. काचांवर मीठ बसतं ना."

संध्याकाळी बाडहूव्हडॉर्पला, आमच्या डच गावात, घरी आले. आमचं घर तर समुद्राच्या पातळीखाली आहे. पण बाजूला एवढा मोठा विमानतळ आहे, इथले बांध कोण फुटू देईल? इतकी वर्षं मी याला फक्त डच लोकांची हुशारी समजत होते.

काचा स्वच्छ होत्या, तरी पुसत बसले.

तुमच्या गावावर अशी वेळ आली, तर ते वाचवण्यासारखं आहे असं कोण म्हणेल?