उपरण्याखालचा हात

माझी बायको सकाळी जागी झाली तरी डोळे मिटून तशीच पडून राहते. ओठ किंचित हलतात. रात्रीचं स्वप्न ती असं हळूहळू गोळा करते आणि मग चहा टाकताना मला सांगते, "आज भाऊजी आले होते. पिठलं मागत होते."

भाऊजी म्हणजे माझा धाकटा भाऊ. बैलांच्या व्यापारात त्याला मीच उभं केलं. भांडून वेगळा झाला आणि अबोला न सोडताच वारला. आता येतो तो हिच्याकडे, जेवायला. माझ्याकडे यायला त्याला काय धाड भरली आहे? गेलेल्या माणसाला भेटायची एवढी एकच जागा उरते, आणि नेमका तिथे आपला जोर चालत नाही.

"तुम्ही उठता तेच भांडायला उठल्यासारखे," ती म्हणाली. "जाग आली की हलू नका. कूस बदलू नका. शेवटचं जे आठवतंय ते धरून मागे मागे जा."

तसं करू लागलो. बरेच दिवस काहीच हाती लागलं नाही. आज पहाटे लागलं. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव सांगतात, तसा एक हात माझ्या हातात होता. करंगळी वाकडी, म्हणजे त्याचाच. बोटं दाबून तो काहीतरी सांगत होता. पण पहिल्या बोलीला हात झटकून काढून घ्यायचा, ही माझी जन्माची सवय. त्या झटक्यानेच जाग आली.

"आले होते का?" चहा देताना तिने विचारलं.

"आला होता," मी म्हणालो. "पुरतं ऐकूनही घेतलं नाही मी."