निवडलेली युद्धनौका

माधवराव खांबेट्यांइतका हुशार माणूस अख्ख्या बिबवेवाडीत नाही, हे मत खुद्द माधवरावांचं. सोसायटीतल्या प्रत्येक जिन्यात जाऊन सांगितलेलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी प्लॅस्टिकच्या युद्धनौका जोडायचा छंद धरला. म्हणजे खोकी आणायचा. जोडून एकही झाली नव्हती. यंदा मात्र सोसायटीच्या छंद-प्रदर्शनात नौका मांडणारच, अशी दवंडी पिटून झालेली. वरच्या मजल्यावरच्या विश्वजीतच्या बोन्सायला ‘उपाशी ठेवलेली झाडं’ म्हणूनही झालेलं. आता माघार म्हणजे स्वतःचं नाक कापून त्याच्या कुंडीत पुरणं.

नेमका तेव्हाच मोतीबिंदू काढावा लागला. डोळ्यावर पट्टी, वाकायला बंदी. पलंगावरून बायकोला हुकूम सुटला, "मंदा, खोक्यातले भाग जरा निवडून ठेव."

ए चौकट इकडे, बी तिकडे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. या खेळात सगळे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना बारीक देठांनी लोंबकळत असतात. चौकटीला अक्षर, प्रत्येक देठापाशी आकडा. बाराच्या शेजारी तेरा असेलच असंही नाही. भाग मावेल तिथे घुसवलेला. माहितीपत्रक म्हणतं, ए-बारा सी-सातला चिकटवा. आकडा मात्र भागावर नसतो, चौकटीवर असतो.

मंदाकिनीबाईंनी जन्मभर जसं निवडलं तसंच निवडलं. दुपारभर देठ खुडले, भाग धुऊन चाळणीत निथळत ठेवले, चौकटी कोरड्या कचऱ्यात दिल्या.

पट्टी सुटली, काळा चष्मा चढला आणि माधवरावांनी चाळणी चाचपली.

"अगं, आकडे कुठायत?"

"कसले आकडे? काड्या होत्या नुसत्या. टाकल्या."

"गवार निवडून निवडून डोक्याचीही गवार झालीय तुझ्या!" दार उघडं होतं, तेव्हा हे तीन मजल्यांना ऐकू गेलं.

"गवार शिजते तरी," बाई म्हणाल्या. "तुमचं काय शिजलंय आजवर?"

मग माधवराव अंदाजानं चिकटवत सुटले. दोन तोफा डेकवर बसल्या, तिसरी धुराड्यात. उरलेल्या शिड्या तळाला लागल्या.

प्रदर्शनात विश्वजीत मागे हात बांधून नौकेभोवती हिंडला. "काका, बुडतानाची आहे का?"

"बुडवली!" माधवरावांनी सगळ्यांदेखत बायकोकडे बोट केलं. "हिनं. निवडून निवडून बुडवली."

हॉल खदखदला. माधवरावांना आठवडाभरात पहिल्यांदा बरं वाटलं. बाईही हसल्या. म्हणाल्या, "अहो, इथे उजेड नाही. खिडकीपाशी ठेवू का?"

"ठेव. आपटू नकोस म्हणजे झालं."

खिडकीपाशी टेबल होतं, वर पाटी होती. काळ्या चष्म्यातून माधवरावांना ती वाचता आली नाही. बाकीच्यांना आली, पण पुण्यात अशा वेळी कोणी सांगत नाही.

निकाल लागला. "टाकाऊतून टिकाऊ विभाग. पहिला क्रमांक, करवंटीचं कासव." टाळ्या. "उत्तेजनार्थ, श्री. माधव खांबेटे."

माधवराव खुर्चीला चिकटल्यासारखे बसून राहिले.

"जा की," मंदाकिनीबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "नाव पुकारलंय."