लोकरीचा बोळा

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऑरोरू गावात क्लॅरी हॉस्किनचं गॅरेज चाळीस वर्षांचं. एवढ्या वर्षांत त्याने एकदा बोललेला शब्द कधी मागे घेतला नाही. हा गुण की खोड, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सोमवारी त्याने एडना ट्रेव्हरोच्या जुन्या गाडीचा निकाल लावला, "इंजिन गेलं." कार्बोरेटर दोनदा खोलून झाला होता. तरी गाडी उभ्या उभ्या बंद पडे, प्लग काजळत आणि चहूकडून तेल पाझरे. एडना शहात्तरची, विधवा. तिच्या रानापासून दुकान तीस किलोमीटरवर. गाडी नाही तर रानात राहणं नाही. क्लॅरीच्या एका शब्दावर तिचा मुलगा कीथ तिला शनिवारी ॲडलेडला न्यायला निघाला होता.

शुक्रवारी दुपारी गाडी भंगारासाठी बाहेर काढायला इंजिन सुरू केलं, तेव्हा उघड्या बॉनेटखाली क्लॅरीला दिसलं, तेल मोजायची पट्टी आपोआप वर सरकतेय. तो चपापला. म्हणजे इंजिनाच्या पोटात धूर कोंडलाय! हा धूर एका छोट्या व्हॉल्व्हमधून कार्बोरेटरखाली ओढला जाऊन जळायला हवा. ती वाट तुंबली की हवा कमी पडून मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, प्लग काजळतात, आणि कोंडलेला धूर मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो.

त्याने तेलाचं झाकण उघडलं. त्याच्या जाळीत मेंढीच्या लोकरीचा बोळा! वादळात धूळ आत जाऊ नये म्हणून इथले मेंढीवाले दिसेल त्या भोकात लोकर कोंबतात, आणि एडनाचा वारलेला नवरा लेन तर त्यात अट्टल होता. त्या लोकरीचेच तंतू तेलात चिकटून व्हॉल्व्ह बंद झाला होता.

"गाढवा," क्लॅरी स्वतःलाच म्हणाला, "दोनदा कार्बोरेटर खोललास, पण इथे नाही बघितलंस!"

सगळं साफ केल्यावर इंजिन शांतपणे चालू लागलं. क्लॅरीला मात्र आता चाळीस वर्षांत पहिल्यांदा शब्द मागे घ्यायचा होता.

शनिवारी सकाळी तीच गाडी चालवत तो एडनाच्या दारात पोचला. कीथ खोकी ट्रकमध्ये भरत होता.

"तुम्हीच म्हणालात ना, इंजिन गेलं म्हणून?" कीथ भडकला.

"म्हणालो. चुकलो." कान लाल झाले तरी क्लॅरीने सगळं सांगितलं.

एडनाने गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. "मेल्याला किती वेळा सांगितलं होतं, लोकर कोंबू नकोस म्हणून," ती हसली आणि तिने डोळे पुसले. मग मुलाकडे वळली.

"कीथ, खोकी उतरव. कपबशांचं आधी. क्लॅरी चहा घेऊन जाईल."