एक जूनला जन्मलेली माणसं

साजगावच्या कारखान्यात मी लागले ती कॉम्प्युटरवर अर्ज चढवायला. कारखान्याची नवी शेड उभी राहत होती. ज्या गावांच्या जमिनी तिच्यासाठी गेल्या, तिथल्या घरटी एकाला कामावर घ्यायचं ठरलं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता, खाली गालिचा होता आणि चपला दाराबाहेर काढाव्या लागत. मला ती खोली आवडायची, कारण तिथे कोणी येत नसे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले. मराठी घरी बोलायचे, पण अनोळखी माणसासमोर तोंड उघडलं की आधी मनात वाक्य जुळवावं लागे, आणि तोवर समोरचा निघून गेलेला असे.

माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला काच होती आणि काचेपलीकडे अर्जांची खिडकी. तिथे एक काका बसत. ते जवळच्या चौक गावचे, वयस्कर, सगळ्या गावांशी कुठलं ना कुठलं नातं लागणारे. मला ते मॅडम म्हणत आणि म्हणताना मिशीत हसत. लोक अर्ज त्यांच्याकडे देत, ते सही-अंगठा बघून आत सरकवत, आणि मी एकेक रकाना टाइप करत जाई.

प्रोग्राम पुण्याच्या एका इंजिनिअरने लिहिलेला होता. अर्ज आत घेण्याआधी तो तपासायचा. एखादा रकाना रिकामा असला, वय कमी भरलं, गाव यादीत नसलं, की पीं असा आवाज करून पडद्याच्या तळाशी हिरव्या अक्षरांत कारण दाखवायचा. मी ते कारण चिठ्ठीवर लिहून काकांना द्यायची, माणूस चूक दुरुस्त करून पुन्हा यायचा. यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. फक्त एका कारणाला दुरुस्ती नव्हती: हा अर्जदार आधीच नोंदला आहे. एकाने दोन अर्ज भरले तर दोन्ही रद्द, असा नियम होता. तसे अर्ज साहेबांकडे जात आणि साहेब त्यांवर लाल पेन्सिलीने आडवी रेघ ओढत.

एक दिवस खिडकीवर एक मुलगी आली. माझ्याच वयाची असावी. अर्ज रद्द झाल्याची चिठ्ठी तिने खिडकीच्या कठड्यावर पसरली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर बोट दाबून धरलं. काका तिला समजावत होते की दोन अर्ज टाकायचे नसतात, आता काही होणार नाही.

"येकच टाकलाय, काका," ती म्हणाली. "तो येक लिवतानाच बोटं मोडली माझी. दुसरा कोन लिवनार?"

"मशीन काय खोटं बोलतंय होय गं?"

"ते मला काय ठाव? तुमी बोलता का त्याच्याशी?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. ती हसली नाही. त्यांची सगळी भाताची खाचरं शेडखाली गेली होती, वडिलांना दम्याने काम होत नव्हतं, आणि शाळेचा दाखला मिळेपर्यंत शिकलेली घरात ती एकटीच. हे ती काकांना सांगत होती, पण विनवणी केल्यासारखं नाही, हिशेब मांडल्यासारखं. मुलाखतीच्या याद्या आता लागायच्याच होत्या.

मी रद्द अर्जांच्या ढिगातून तिचा अर्ज काढला आणि त्याचा जोडीदारही शोधला. दोन्ही मुलींचेच होते. अक्षर वेगळं, नाव वेगळं, वडिलांचं नावही वेगळं. गाव, आडनाव आणि जन्मतारीख मात्र तीच. प्रोग्राम माणूस ओळखायचा तो याच तीन गोष्टींवरून. नावं लोक कशीही लिहितात, तारीख तेवढी पक्की असते, असं त्या इंजिनिअरने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी चपला न घालताच बाहेर गेले आणि काकांना हळूच विचारलं, की एका गावातल्या, एकाच आडनावाच्या दोन मुली एकाच दिवशी कशा जन्मतील?

काकांनी तारीख पाहिली आणि ते खदखदून हसले. "एक जून! अहो मॅडम, माझाबी एक जूनच. आमच्या आख्ख्या आळीचा एक जून. पोर शाळेत घालायला नेलं की मास्तर वय अंदाजानं धरायचे आन् लिहायचे एक जून; बरोबर आलेल्या पोरांचं सालबी तेच. घरी कोणाला तारीख ठाव असायची?"

माझा जन्मदाखला दवाखान्याचा होता. त्यावर वेळसुद्धा होती. एक जूनचं हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. आणि मशीन नेमकं काय बघतं, हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं.

"मग तुझा खरा जन्म कधीचा?" मी तिला विचारलं.

"भाताची आवनी चालली हुती म्हन्ते आई. चिखलातनं उचलून घरी आनली तिला." मग जरा थांबून, "तसं लिवलं तर चालंल, ताई?"

चालणार नव्हतं. काकांनी लगेच तोड काढली, की दोन जून लिहून टाक, एका दिवसाने लहान झालीस तर काय बिघडतं. तिने मान हलवली.

"दाखल्यावर येक हाय. उद्या दाखला बघतील, मग परत खोटी मीच."

साहेबांच्या केबिनमध्ये मी तोवर 'येस सर'च्या पलीकडे काही बोलले नव्हते. त्या दिवशी गेले, दोन्ही अर्ज शेजारी ठेवले आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. इंग्रजीत मला वाक्य जुळवावं लागत नसे. साहेब म्हणाले, पुण्याला फोन लावा. ट्रंककॉल लागायला दुपार झाली. इंजिनिअर म्हणाला की असं होण्याची शक्यता फारच कमी आहे. मी ढीग जवळ ओढला आणि त्याला जन्मतारखा वाचून दाखवायला लागले. एक जून. एक जून. मधे एक एकोणीस ऑगस्ट आली, मग पुन्हा एक जून.

"मग माणूस ओळखायचा कशावरून?" त्याने विचारलं.

"मशीनने ओळखायलाच नको," मी म्हणाले. "तीन गोष्टी जुळल्या तर अर्ज नाकारू नका. दोन्ही अर्ज पडद्यावर दाखवा आणि आम्हाला विचारा. आम्ही खिडकीवर बघून सांगू."

नाकारायच्या जागी विचारायचं. त्याने बदलायच्या ओळी फोनवर सांगितल्या. मी लिहून घेतल्या, टाइप केल्या, पुन्हा वाचून दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी ती दुसरीला घेऊन आली. त्या चुलत बहिणी निघाल्या. दुसरी वाटभर भांडत आली असावी, कारण खिडकीशीही तिचं चालूच होतं, की हिच्यापायी माझाबी अर्ज गेला. काकांनी दोघींना शेजारी उभं केलं, चष्मा वर करून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे काचेतून मला सांगितलं, "दोन हायेत, मॅडम." भांडणारीलाही हसू फुटलं. मशीनने विचारलं, मी हो म्हटलं, आणि दोन्ही अर्ज आत गेले. लाल रेघ रद्द म्हणून साहेबांनी तिच्यावर सही केली.

पण ढिगात तसे आणखी पुष्कळ होते. ती माणसं विचारायला आलीच नव्हती. चिठ्ठी वाचून, नाही तर कोणाकडून वाचून घेऊन, गपचूप घरी गेली होती. मी काकांना म्हटलं, यांना कळवायचं कसं? काका विचार करत होते तेवढ्यात ती म्हणाली, "गावं सांगा. मी जाते सांगाया. मला काय, आता शेतात काम नाय."

ती सगळीकडे फिरली. पुढे काही दिवस खिडकीवर माणसं येत राहिली, जोडीजोडीने, भाऊ भाऊ, काका पुतणे. साहेब रेघांवर सह्या करून कंटाळले आणि मग त्यांनी शिक्काच करून घेतला. सगळे मात्र आले नाहीत. चौकला गॅरेजात लागलेल्या एकाने तिला सांगितलं म्हणे, की एकदा खोटा म्हणालात, आता राहू दे.

याद्या उशिरा लागल्या. पॅकिंग विभागाच्या मुलाखतीच्या यादीत तिचं नाव होतं. मी काचेआडून बघत होते. तिने नाव वाचलं, मागे वळून कोणी बघतंय का ते पाहिलं, आणि मग पदराने त्या अक्षरांवरून घासून बघितलं, पुसलं जातंय का म्हणून.