साडूंच्या माजघरातली वेबसाइट

आमच्या थोरल्या साडूंइतका स्वतःच्या वस्तूंवर विश्वास असलेला माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. अण्णा फौजेत बिनतारी संदेशाच्या कामावर होते. निवृत्त होऊन कराडला आले आणि सगळं घरीच करायला लागले. गिरणीवाला पीठ बदलतो असा संशय, म्हणून घरात चक्की. न्हाव्याचा भरवसा नाही, म्हणून केस स्वतःच कापतात. मागून ते कसे दिसतात हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मी जतकडचा घोंगडी विणणारा. गिऱ्हाईक आटत चाललं तेव्हा त्यांनी आपण होऊन माझी वेबसाइट बनवली आणि माजघरातल्या जुन्या संगणकावर ठेवली. एखाद्या कंपनीला वर्षाचं भाडं देऊन तिच्याकडे ठेवू या, असं मी भीत भीत सुचवून पाहिलं. "आवं पावणं, सोताचं रान असताना दुसऱ्याचं खंडानं कशाला कसायचं?" संपला विषय.

त्या संगणकाची बडदास्त जावयाचीसुद्धा कुणी ठेवली नसेल. वीज गेली की बॅटरी, उकाडा वाढला की घरातला एकुलता पंखा त्याच्यावर, आणि अण्णा अंगणात घाम पुसत. लग्नकार्याला नवरा-बायको कधी जोडीनं आली नाहीत. एक जण संगणकापाशी हवाच. "माझ्या बाळंतपणाला एवढी रजा काढली न्हवती," असं आमच्या आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, येईल त्याला सांगायच्या.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका दुकानदारबाईंनी साइटवर माल बघून ठरवते म्हणून कळवलं. ते काम हुकलं असतं तर वडिलांचा माग मोडून मी कारखान्यावर रखवालदारीला जाणार होतो. अण्णांना हे ठाऊक होतं. बाई कुठल्या दिवशी बघणार, ते सांगायचं मात्र मी विसरलो. नेमका त्या दुपारी बाईंचा फोन आला, की साइट उघडत नाही. मी घाबरून अण्णांना फोन लावला.

"आज खंडेनवमी न्हवं का? कोयता, पाना, संगणक, समदं बंद करून पुजलंय. उद्या सोनं लुटल्याबिगर हात लावायचा न्हाई."

मी बाईंचं सांगितलं. पूजा त्यांनी मोडली नाही. गाडीही पुजलेली, म्हणून एस.टी.नं माझ्याकडे आले, चार घोंगड्या खांद्यावर टाकल्या आणि दसऱ्याला सकाळी त्या बाईंच्या दारात उभे राहिले. घोंगडी हातात घेतल्यावर बाईंनी दुसरं काही विचारलं नाही. काम मिळालं.

परत आल्यावर अण्णा खाली बघून म्हणाले, "माझ्या हट्टापायी तुमचा माग बंद पडला असता. कंपनीकडं न्या." सगळं स्वतःच हलवून दिलं. आज माझ्या घरात माग वाजतो तो या माणसामुळं, हे मी कुणालाही सांगेन.

साइट आता कधी बंद पडत नाही. माजघरातला संगणक झाकून ठेवला तसे अण्णा मात्र गप्प गप्प झाले. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी मी फोन करतो आणि साइट जरा अडकतेय म्हणून सांगतो. ते पहिल्या एस.टी.नं येतात, चष्मा लावून माझ्या मोबाइलकडे निरखून बघतात, "व्हय, अडकती खरं," म्हणतात आणि दोन दिवस राहतात.