पुलाखालून येत राहिलेली पातळी

इथले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठी! रागावू नका. मी सिव्हिल इंजिनिअर, मूळची नाशिकची. जे मोजता येत नाही ते नसतंच, अशी माझी ठाम समजूत. सासूबाई अमावस्येला लिंबू उतरवून टाकायच्या, तेव्हा 'द्या इकडे, सरबत करते' म्हणणारी मी. आज मीच लिहायला बसलेय... कारण माझ्याकडे दुसरा पर्याय उरलेला नाही.

आधी कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासात आमचं छोटं ऑफिस आहे. दमणगंगेचा पूर कुठवर पसरेल आणि कुठे किती खोल असेल, याचे नकाशे आम्ही बनवतो. नरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नदीवर पूल आहे. त्याच्या कठड्याखाली आमचा सेन्सर बसवलेला — तो पाण्याची पातळी मोजून मोबाईलच्या सिमवरून आमच्या स्क्रीनवर पाठवतो. ती पातळी काठच्या जमिनीच्या उंचीशी ताडून पाहायची. नदीच्या उताराचा हिशेब धरायचा. जमीन पातळीच्या खाली आली की तिथे पाणी, आणि दोन्हींतला फरक म्हणजे पाण्याची खोली. इतकं साधं. पण सगळा डोलारा त्या एका आकड्यावर. तो चुकला की नकाशा म्हणजे नुसता निळा रंग.

गोष्ट ऑगस्टमधली. भावाच्या मुलीचं बारसं होतं म्हणून मी नाशिकला गेले होते. परतले त्याच्या आदल्या दिवसापासून वरच्या डोंगरात पाऊस कोसळत होता. सकाळी ऑफिसला पोचले, स्क्रीन लावली. मधले काही दिवस आलेखात नुसती पोकळी होती. नेटवर्क गेलं असेल, म्हटलं. पण त्या सकाळपासून पातळीची रेघ व्यवस्थित येत होती... आणि चढत होती.

ऑफिसात मी एकटीच. आमचा टेक्निशियन जिग्नेश वापीला अडकलेला, त्याच्या बाजूचा रस्ता बंद. पुलाकडेही पोलीस कुणाला जाऊ देत नव्हते, त्यामुळे खांबावरची रंगवलेली मोजपट्टी डोळ्यांनी वाचण्याची सोय नव्हती. म्हणजे माझ्या हातात फक्त ती रेघ.

दुपारच्या जेवणाआधी मी त्या पातळीचा नकाशा काढला. नंतर पाणी त्याच वेगानं चढलं तर संध्याकाळी काय होईल, त्याचाही. नरोलीच्या बाजूला, नदीकडच्या उतारावर भाड्याच्या खोल्यांची एक लांब चाळ आहे. धुळे-नंदुरबारकडची अहिराणी बोलणारी माणसं, जवळच्या धाग्याच्या कारखान्यात कामाला. संध्याकाळच्या नकाशात ती अख्खी चाळ गडद निळी होती.

कंट्रोल रूमला फोन लावला. तिथे म्हणाले, बचावाची टीम दुसऱ्या गावात आहे, मोकळी झाली की पाठवतो, तोवर लोकांना सावध करा. मी प्रिंट काढली, लॅपटॉप उचलला, आणि दुसऱ्या पुलावरून लांबचा वळसा घालून चाळीत पोचले.

आणि तिथे? पाऊस थांबलेला! अंगणात कपडे वाळत घातलेले. नदी झाडीच्या पलीकडे, दिसतसुद्धा नव्हती.

चाळीचे मालक ठाकोरभाई खुर्ची टाकून बसलेले. नकाशा बघून हसले.
"बेन, ये चाल मेरे बाप ने बनाई. यहाँ पानी कभी नहीं चढ़ा. गरीब लोगों को डराओ मत."

बायका जमल्या. त्यांच्यात एक वनिता — कारखान्यात पॅकिंगला असणारी, उंच, खणखणीत आवाजाची. चाळीत तिचा शब्द चालतो हे लगेच कळत होतं. तिनं नकाशा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"ताई, पानी कोठे शे? आंगन तर कोरडं शे."

"आत्ता नाहीये. संध्याकाळपर्यंत येईल."

"मनी खोलीमा कितलं येई, ते सांग."

असा थेट प्रश्न मला आजवर कुठल्याच मीटिंगमध्ये कुणी विचारला नव्हता. मी तिची खोली नकाशात शोधली, आकडा काढला, आत गेले आणि दाराशेजारच्या भिंतीवर तिच्या मुलीच्या खडूनं रेघ मारली. वनिताच्या छातीशी आली. तिनं मुलीला त्या रेघेखाली उभं केलं. रेघ तिच्या डोक्याच्या वर.

"हाई तर पोरीना डोकावर गयं..."

ठाकोरभाई दारातून म्हणाले, "अरे, मशीन गलत भी होती है!"

त्या क्षणी मी स्क्रीन पाहिली. पातळीची रेघ आणखी वर गेली होती. माझ्या तोंडून निघालं, "हे मशीन चुकत नाहीये." कशाच्या जोरावर बोलले, माहीत नाही. पण आवाज माझ्याच कानाला अनोळखी वाटावा इतका पक्का होता.

वनिता वळली आणि अंगणात जाऊन ओरडली, "चाला वं बायाहो! पोरे धरा, गॅस बंद करा, चाला!"

मग काय विचारता! टेकाडावर धाग्याच्या कारखान्याचं कॅन्टीन आहे. वनितानं तिथल्या सुपरवायझरला फोन करून ते उघडायला लावलं. म्हातारी माणसं रिक्षातून, बाकीचे पायी. कुणी शिलाई मशीन डोक्यावर घेतलं, कुणी कोंबड्या टोपलीत घातल्या. एक आजोबा हलायला तयार नव्हते, तर दोघींनी त्यांना खाटेसकट उचललं! शेवटी ठाकोरभाईसुद्धा आले, खुर्ची घेऊन.

उजेड असतानाच पाणी आलं. समोरून, नदीकडून नाही — मागच्या नाल्यातून, आवाज न करता, रस्त्यासकट अंगण गिळत. आम्ही कॅन्टीनच्या गच्चीवरून पाहत होतो. आधी कपड्यांची दोरी गेली. मग दारं अर्ध्याहून वर बुडाली. वनिता एकेक खोली बोटानं मोजत होती आणि प्रत्येक खोलीतली माणसं आपलं कुणी राहिलं नाही ना, हे मागे वळून पाहत होती. सगळे होते. एकूण एक! बचावाची बोट आली तेव्हा उचलायला कुणी नव्हतंच. बोटीतल्या जवानांनी वर पाहून हात जोडले, आणि आमच्या गच्चीवर असा काही जल्लोष झाला... कुणीतरी शिट्टी मारली, ठाकोरभाईंनी सगळ्यांना चहा सांगितला, वनितानं मला मिठी मारली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला माझ्या कामाचा असा अभिमान कधी वाटला नव्हता.

पाणी ओसरल्यावर तिच्या खोलीत गेलो. भिंतीवरचा चिखलाचा डाग खडूच्या रेघेला अगदी चिकटून होता.

इथवर सगळं छानच. आता पुढचं ऐका.

रस्ते उघडल्यावर जिग्नेश ऑफिसला आला. मी पेढे घेऊनच बसले होते. म्हटलं, "जिग्नेश, तुझा सेन्सर म्हणजे सोनं आहे!"

त्यानं उचललेला पेढा परत ठेवला. "बेन, मजाक करो छो?"

"का रे?"

त्यानं लोखंडी कपाट उघडलं. आतून खोका काढून टेबलावर ठेवला. खोक्यात सेन्सर.

मी नाशिकला गेले त्याच दिवशी त्यानं तो पुलावरून उतरवला होता. आत पाणी शिरून बिघडला होता, पार्ट वडोदऱ्याहून यायचा होता. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेजही टाकला होता, बारशाच्या गडबडीत मी वाचला नव्हता. बॅटरी वेगळी काढलेली. आणि सिमकार्ड? जिग्नेशनं खिशातून पाकीट काढलं आणि सिम माझ्या हातावर ठेवलं.

मी त्यावरचा नंबर नोंदवहीशी ताडला. तोच होता.

मग आम्ही दोघांनी सगळं तपासलं. दुसऱ्या ठिकाणचा डेटा चुकून आमच्या नावावर आला का? नाही, तिथले आकडे वेगळेच. कुणी चाचणीचा डेटा सोडला का? नाही. जुना पूर पुन्हा दिसला का? इतकी पातळी आमच्याकडे आधी नोंदलीच गेली नव्हती. रेघ पुराच्या सकाळी सुरू होते, पाणी ओसरू लागल्यावर थांबते. सेन्सर काढल्यापासून तिच्या पुढे-मागे काही नाही. पुलाच्या खांबावरची चिखलाची खूणही मोजली — सर्वांत वरच्या आकड्याशी जुळली.

पुण्याहून आमचे मोठे साहेब आले. त्यांनी आकडे पाहिले, खोका पाहिला, चष्मा पुसला. मग म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात कशाच्या भरवशावर राहायचं?"

"दोन सेन्सर द्या, सर," मी म्हटलं. त्यांनी एका शब्दात होकार दिला! आता पुलावर दोन आहेत, दोन्ही नीट चालतात, आणि त्या भागातल्या प्रत्येक चाळीत आमचा नकाशा लागलाय.

तुमच्यात कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर लिहा. मी सगळे तर्क ऐकायला तयार आहे, माझे संपलेत.

वनिताला मी हे सगळं नंतर फोनवर सांगितलं. सेन्सर कपाटात होता, सिम पाकिटात होतं... तिनं एकच विचारलं.

"मंग ते आकडा कोन धाडे, माहीत नही का तुले?"

"नाही गं."

"बरं. रविवारले जेवाले ये. कळण्याची भाकर करस."

गेले. ज्वारी-उडदाच्या त्या तीन भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्या. उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही.