युरोपच्या आधी रोहा ते पेण

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्त झाल्यावर, मी मोटार चालवायला शिकले. हे सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. पेणमध्ये तीस वर्षे मी भूगोल शिकवला. ऱ्हाईनचा प्रवाह, आल्प्सच्या खिंडी फळ्यावर खडूने काढल्या आणि तास संपला की पुसून टाकल्या. त्यांतले काही आपण पाहावे, असे मी स्वतःशीसुद्धा कधी उच्चारले नव्हते.

रोह्याला माझी थोरली बहीण एकटी राहते. तिची लेक जर्मनीत, फ्रांकफुर्टजवळ. ताईचे गुडघे दुखतात. सहल कंपनीच्या बसमागे सकाळी सहाला धावणे तिला जमणारे नाही. म्हणून गाडी भाड्याने घ्यायची, जर्मनीहून फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया असे करीत इटलीपर्यंत जायचे, हवे तिथे थांबायचे आणि गाडी मी चालवायची, असा बेत मी मनाशी केला. ताईशिवाय जाण्यात मला अर्थ वाटत नव्हता. प्रश्न एवढाच होता, की मी चालवीत असलेल्या गाडीत ताई बसेल का. लहानपणापासून माझ्या वतीने तीच बोलत आली आहे. दवाखान्यात माझे दुखणे ती सांगे. मला पाहायला आलेल्या मंडळींनाही उत्तरे तिनेच दिली होती.

गाडी शिकले ती पेणच्या मूर्तिकारांच्या गल्ल्यांमधून. रस्त्याच्या कडेला फळ्यांवर ओल्या मूर्ती वाळत ठेवलेल्या असत आणि त्यांच्या मधून माझे शिक्षक मला गाडी मागे घ्यायला लावीत. "बाई, माणसाला धक्का लागला तर माफी मागता येते," ते म्हणत. "गणपतीचा हात मोडला तर कारखानदार ऐकायचा नाय." परवाना मिळाला. भाड्याने गाडी देणाऱ्यांना तो निदान वर्षभर जुना लागतो, असे वाचले, तेव्हा मी वर्षभर थांबले. तिकडे चालक डावीकडे बसतो आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने जाते. त्याचा सराव म्हणून उभ्या गाडीत डाव्या आसनावर बसून, डोळे मिटून, मी वळणे घेत असे. शेजारच्या वहिनींनी एकदा पाहिले आणि बरे वाटत नाही का, म्हणून विचारले.

प्रवासाचा आराखडा मी आखीव कागदावर, जुन्या सवयीने, रकाने पाडून केला. अंतर, तास, मुक्काम. तो भाचीला पाठवला. पुढच्या रविवारी मी माझी गाडी घेऊन रोह्याला गेले असताना तिचा फोन आला, ताईने तो दोघींना ऐकू येईल असा ठेवला.

"मावशी, फ्रांकफुर्ट ते स्ट्रासबुर्गला मध्ये मुक्काम कशाला? अडीच तासांचा रस्ता आहे."

"सव्वादोनशे किलोमीटर आहे ना?"

"हो. म्हणजे अडीच तास. आणि हे प्रत्येक सीमेपाशी दीड तास लिहून पुढे कंसात 'वडखळ' काय लिहिलंयस?"

अलिबागचा फाटा फुटतो त्या वडखळला आम्ही इतक्यांदा अडकलो आहोत, की दोन रस्ते भेटतात तिथे दीड तास जातो, हे माझ्या हिशेबात गृहीतच होते. मग दोन देश भेटतात तिथे त्याहून कमी कसा लागेल?

भाची हसून बेजार झाली. सीमेवर बहुधा कोणी थांबवतही नाही, असे तिने सांगितले. ताई मात्र हसली नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "जिला रस्ता किती वेळाचा ते कळत नाही, ती मला परमुलखात नेणार? आपण तिकडे चालकच ठेवू. मी लेकीला सांगते."

"नको," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा लहान निघाला. "उद्या माझ्याबरोबर पेणला चल. मी नेते. मग ठरव."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. नागोठण्यापर्यंत ताई दरवाजाची मूठ धरून बसली होती. वडखळच्या अलीकडे, डोलवीच्या कंपनीची शिफ्ट सुटली असावी, बस, रिक्षा आणि पोलादाच्या गुंडाळ्या वाहणारे ट्रेलर यांच्या मध्ये आम्ही सापडलो. रांग हलली आणि माझी गाडी बंद पडली. सुरू केली, क्लच लवकर सुटला, पुन्हा बंद. मागून भोंगे सुरू झाले. एका ट्रेलरवाल्याने डोके बाहेर काढले.

"ओ मावशी, चालवायला येत नाय तर कशाला आणता गाडी हायवेला?"

ताईने तत्काळ काच खाली केली. तिच्या चेहऱ्यावरून त्या माणसाची धडगत दिसत नव्हती.

"ताई, काच वर घे," मी म्हणाले.

"अगं, तो बोलतोय काय ऐकलंस?"

"ऐकलं. मला बोलला तो. काच वर घे, मला इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही."

तिने काच वर घेतली. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, क्लच सावकाश सोडला, आणि आम्ही हललो. पेणपर्यंत ताई एक शब्दही बोलली नाही. इतका वेळ गप्प बसलेली ताई मी पूर्वी पाहिलेली नव्हती, त्यामुळे रस्त्यापेक्षा तिचीच धास्ती मला अधिक वाटत होती.

घरी पोहोचल्यावर तिने पाणी मागितले, मग आराखडा. चष्मा लावून पुष्कळ वेळ वाचला.

"रोज तीन तासांपेक्षा जास्त मी गाडीत बसणार नाही."

"चार," मी म्हणाले.

"साडेतीन. आणि मधे एकदा पाय मोकळे करायचे."

"बरं."

मग मी आम्हा दोघींच्या व्हिसासाठीचे एकच पत्र लिहायला घेतले. त्यात प्रवास कसा करणार हे कळवायचे होते. 'गाडी मी स्वतः चालवणार आहे' हे वाक्य मी तीनदा लिहून खोडले; आधी फार उद्धट वाटले, मग फार भित्रे. चौथ्यांदा तसेच राहू दिले आणि कागद ताईपुढे सरकवला. तिच्या वतीने त्यात मीच लिहिले होते. तिने ते वाचले, काहीही बदलले नाही, आणि खाली सही केली.